ऑगस्टमधले क्रीट, एप्रिलमधले क्रीट

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत भूमध्य समुद्रातल्या बेटांवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती. लेखाखालच्या चौकटीत मात्र ग्रीसच्या क्रीट बेटापुढे ‘सर्वोत्तम काळ : जून ते ऑगस्ट’ असे छापले आहे, आणि त्या एका ओळीसाठी मी हे पत्र लिहिते आहे. वाचक लेख वाचून बाजूला ठेवतात, चौकट मात्र कापून ठेवतात. आम्हीही अशीच एक चौकट कापून ठेवली होती.

मी शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. माझी मुलगी २०१९ पासून नोकरीनिमित्त क्रीटमधल्या इराक्लिओ शहरात राहते. नकाशावर ते हेराक्लिऑन या नावाने सापडेल. त्यामुळे हे बेट मला चार वेगवेगळ्या हंगामांत पाहायला मिळाले. ज्यांची तिथे एकदाच, साठवलेल्या पैशांतून जाण्याची इच्छा आहे, त्यांना या चार खेपांचा उपयोग व्हावा असे मनापासून वाटते.

पहिली खेप ऑगस्ट २०१७ ची. तेव्हा मुलगी तिथे नव्हती. माझे यजमान आणि मी एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. कंपनीच्या पत्रकात ऑगस्टचे कमाल तापमान २९ अंश दिले होते आणि तो आकडा खोटा नव्हता. इराक्लिओची ऑगस्टमधली सरासरी तेवढीच आहे. पण तो आकडा सावलीतला, समुद्रवारा लागणाऱ्या ठिकाणचा. क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याच्या उघड्या दगडी चौकात भर दुपारी उभे राहणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

आम्हाला तिथे साडेबाराला उतरवले. सिंहासनाची खोली पाहायला रांग होती, पाऊण तास तरी लागला. खालच्या फरशीची धग चपलेच्या तळव्यातून लागत होती. यजमान तेव्हा सहासष्ट वर्षांचे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. रांगेतच ते एका पायरीवर बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि हात धरला तर थंडगार, घामाने ओला. तिथल्या एका रखवालदार बाईंनी पाहिले, धावत येऊन त्यांना पाइनच्या झाडाखाली नेले, मानेवर ओला रुमाल ठेवला, थोडेथोडे पाणी पाजले. आमचा मार्गदर्शक येऊन सांगून गेला की सव्वाला बस सुटेल. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा राजवाडा पाहायला एवढ्या लांब आलो होतो आणि मी पाहत होते ती फक्त यजमानांची नाडी.

दुसऱ्या दिवशी बालोसच्या खाडीची बोट रद्द झाली. आकाश निरभ्र, एक ढग नाही, आणि तरी बोट नाही म्हटल्यावर सहलीतले लोक चिडले. ते कारण मी शाळेत शिकवत आले होते, त्या दिवशी ते अंगावर घेतले. उन्हाळ्यात दक्षिण आशियातल्या मॉन्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याचे पश्चिम टोक तुर्कस्तानापर्यंत पोचते, बाल्कन प्रदेशावर दाब जास्त असतो, आणि या दोहोंच्या मधून एजियन समुद्रावर उत्तरेचा वारा सुटतो. ग्रीक लोक त्याला ‘मेल्तेमी’ म्हणतात. जुलै-ऑगस्ट हे त्याचे महिने. त्याच्यामुळेच किनाऱ्यावरचा उकाडा सुसह्य होतो आणि त्याच्यामुळेच उत्तर किनाऱ्यावर लाटा उसळतात. जोर वाढला की बंदराचे अधिकारी बोटींना मनाई करतात. त्या मनाईला ‘अपागोरेफ्तिको’ असा शब्द आहे आणि क्रीटमध्ये बोटीने फिरणाऱ्याने तो पाठच करावा. पत्रकात यातले काहीच नव्हते.

त्यानंतरच्या वर्षांत ग्रीसमधला उन्हाळा आणखी कडक झाला. जुलै २०२३ मध्ये अथेन्सचे अॅक्रोपोलिस दुपारच्या वेळी बंद ठेवावे लागले. त्याच महिन्यात ऱ्होड्स बेटावर वणवा पेटला आणि हजारो पर्यटकांना हॉटेले सोडून पळावे लागले. जून २०२४ मध्ये तर महिन्याच्या पहिल्याच पंधरवड्यात उष्णतेची लाट आली आणि निरनिराळ्या ग्रीक बेटांवर पायी फिरायला निघालेले काही परदेशी पर्यटक परत आले नाहीत. जुलै २०२५ मध्ये क्रीटमध्येच येरापेत्राजवळ वणवा भडकला. हे सगळे ठाऊक असताना ‘जून ते ऑगस्ट’ एवढेच छापणे मला योग्य वाटत नाही.

आता दुसरी खेप. २०२२ मध्ये आम्ही एप्रिलच्या मध्यावर गेलो आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत राहिलो. यजमानांची परत क्रीटला जायची अजिबात तयारी नव्हती, मुलीच्या आग्रहाखातर आले.

पहिल्याच शनिवारी तिने आम्हाला ओमालोसच्या पठारावर नेले. लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर, यांच्या कुशीत हजार मीटरांहून उंच असलेली ती सपाट वाटी आहे. या डोंगरांचा सर्वोच्च माथा २४५३ मीटर, त्यावर बर्फ अजून होते. गाडीतून उतरले तेव्हा मला वाटले की शेतात कुणाचे तरी जांभळट कपडे वाळत घातले आहेत. जवळ गेले तर रानटी ट्युलिप. वीतभर उंचीची, फिकट गुलाबी-जांभळ्या पाकळ्यांची, आणि आत वाकून पाहिले की तळाशी हळदीसारखा पिवळाधमक गोल. दगडादगडांच्या मधून, मेंढ्यांनी तोंड लावलेल्या गवतातून हजारोंनी उगवली होती. हे फूल एप्रिलमध्येच दिसते. मे सरला की ते जमिनीखाली कंदात गेलेले असते आणि ऑगस्टमध्ये येणाऱ्याला तिथे नुसते करडे, करपलेले पठार दिसते. क्रीटमध्ये सुमारे सतराशे जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यांतला दहावा हिस्सा जगात दुसरीकडे कुठेही रानात उगवत नाही. पाऊस इथे हिवाळ्यात पडतो, त्यामुळे झाडाझुडपांचा उत्सव मार्च ते मे. उन्हाळा ही इथल्या रानाची झोप आहे. भूगोल शिकवताना ‘भूमध्य सागरी हवामान : हिवाळी पाऊस, कोरडा उन्हाळा’ ही ओळ मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिली असेन, तिचा रंग मात्र त्या दिवशी प्रथम पाहिला.

यजमान त्या पठारावर दोन तास चालले. स्वेटर घालून, टोपीशिवाय.

त्या वर्षी ग्रीक ख्रिस्ती लोकांचा, म्हणजे ऑर्थोडॉक्स, ईस्टर २४ एप्रिलला होता. आम्ही हान्या शहराच्या जुन्या भागात खोली घेतली होती. शनिवारी मध्यरात्री चर्चमधले सगळे दिवे मालवले, आतून एक ज्योत आली, आणि मेणबत्तीवरून मेणबत्तीवर जात बघता बघता चौक उजळला. ‘ख्रिस्तोस अनेस्ती’, ख्रिस्त पुन्हा उठला, असे म्हणत अनोळखी माणसे आम्हाला भेटत होती. बाहेर येशूचा विश्वासघात करणाऱ्या ज्यूडासचा पुतळा जळत होता. आमच्या घरमालकीणबाईंनी ती ज्योत वाऱ्यापासून जपत घरी आणली आणि दाराच्या चौकटीवर तिच्या काजळीने क्रूस रेखला. मग आम्हा दोघांच्या हातात एकेक लाल अंडे ठेवले. यजमान अंडे खात नाहीत. पण दुसऱ्याच्या अंड्यावर आपले अंडे आपटून कुणाचे फुटत नाही ते पाहायचे असते, तो खेळ ते बाईंच्या नातवाशी अर्धा तास खेळले.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात तिथले लोक मांस, अंडी, दूध सोडतात. त्यामुळे त्या आठवड्यांत साध्या खानावळीतही उपासाचे पदार्थ मिळतात : द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, मोठ्या पांढऱ्या वालाची रस्सेदार भाजी, ऑलिव्ह तेल आणि लिंबू घातलेला उकडलेला रानपाला. स्तामनागाथी नावाची किंचित कडू रानभाजी आणि लिंबू पिळलेले कच्चे आर्टिचोक तर वसंतातच खावेत. फक्त विचारून घ्यावे, कारण उपासाला शिंपले, माकुल चालतात.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही बोटीने आगिया रुमेलीला गेलो. या गावाला रस्ताच नाही. सामारियाची प्रसिद्ध घळ इथे समुद्राला मिळते. क्सिलोस्कालो या वरच्या प्रवेशद्वारापासून खालपर्यंत सुमारे १६ किलोमीटरांची उतरण आहे, ती आमच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. म्हणून आम्ही खालून वर, घळीच्या सर्वांत अरुंद जागेपर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंना सुमारे तीनशे मीटरांच्या भिंती, मधली वाट जेमतेम चार मीटर, आणि पायाखाली वितळलेल्या बर्फाचे खळाळते पाणी. घळ साधारणपणे मेच्या सुरुवातीला उघडते आणि ऑक्टोबरअखेर बंद होते. पाणी जास्त असेल तर उघडायला उशीर होतो आणि कडक उन्हाचा इशारा असेल तर ऐन उन्हाळ्यातही ती बंद ठेवतात.

वसंतातही सगळे गोड असते असे नाही. त्या मुक्कामात दोन दिवस आफ्रिकेतली धूळ घेऊन दक्षिणेचा वारा आला. आकाश गढूळ पिवळे झाले, कठड्यांवर लाल भुकटी बसली, मला खोकला झाला. मार्च २०१८ मध्ये तर अख्खे बेट नारिंगी प्रकाशात बुडाले होते, त्याची छायाचित्रे जगभर गेली. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी वसंतात जाताना औषध हाताशी ठेवावे. आणि समुद्र गार असतो. एप्रिलअखेर पाणी १८ अंशांच्या आसपास. मी घोट्यापर्यंत गेले आणि परत फिरले.

हाच मुद्दा त्या चौकटीत राहून गेला आहे. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. त्यामुळे मे आणि ऑक्टोबर या दोन्ही महिन्यांत इराक्लिओत दुपारी २३-२४ अंशच असतात, पण मेच्या आरंभी समुद्र १९ अंशांवर आणि ऑक्टोबरच्या आरंभी २४ च्या आसपास. हवा तीच, पाणी वेगळे. ज्याला चालायचे आहे, फुले आणि अवशेष पाहायचे आहेत त्याने एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत जावे. ज्याला पोहायचे आहे, मुलांना पाण्यात खेळवायचे आहे, त्याने सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरावा.

तिसऱ्या खेपेला, २०२३ मध्ये, आम्ही त्याच शरदातल्या दिवसांत गेलो होतो. एलाफोनिसीच्या गुलाबी छटेच्या वाळूवर मी तासभर कमरेएवढ्या पाण्यात उभी होते, बाहेर यावेसे वाटेना. डोंगरातल्या गावांत त्सिकुदिया ही द्राक्षांच्या चोथ्याची दारू गाळण्याची तयारी चालू होती. पण दिवस लहान झालेला असतो, साडेअकरा तासांचा. एप्रिलअखेरच्या दिवसापेक्षा तो जवळजवळ दोन तासांनी कमी पडतो. आणि एकदा पाऊस आला की तो धो धो येतो. १५ ऑक्टोबर २०२२ ला इराक्लिओजवळच्या आगिया पेलागिया गावात पुराचे पाणी गाड्या समुद्रात घेऊन गेले आणि दोन माणसे दगावली. म्हणून ऑक्टोबर धरायचा तर पहिला आठवडा, फार पुढे नको.

त्या खेपेला आम्ही मुद्दाम त्याच घरमालकीणबाईंकडे उतरलो. ओळख दिली, त्यांनी मिठी मारली, पण एप्रिलमधल्या त्या बाई या नव्हत्या. ब्लीचच्या पाण्याने बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. जिन्यात बसून उशांचे अभ्रे मोजताना मधेच आकडा विसरत आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत. मुलीला म्हणाल्या, एप्रिलमध्ये मला पाहुण्यांची नावे लक्षात राहतात, ऑगस्टमध्ये फक्त खोलीचे नंबर. निरोप घेताना त्यांनी ‘कालो खिमोना’ म्हटले, हिवाळा छान जावो. उन्हाळा संपत आला की तिथे एकमेकांना असेच म्हणतात. त्यांच्या आवाजात केवढी सुटका होती.

ग्रीक भाषेत हवेला ‘केरोस’ म्हणतात, आणि जुन्या ग्रीकमध्ये नेमक्या योग्य वेळेलाही हाच शब्द आहे. उन्हाळ्याचे नाव ‘कालोकेरी’, म्हणजे सरळ अर्थाने चांगली हवा. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी १९०० मध्ये क्नोसोस खणायला घेतले, हे पुस्तकांत असते. त्याआधी १८७८ मध्ये इराक्लिओच्याच मिनोस कालोकेरिनोस यांनी तिथे पहिले खोदकाम केले होते. त्यांच्या आडनावाचा अर्थ ‘उन्हाळ्याचा’. उन्हाळा म्हणजे चांगली हवा हे ज्या भाषेत इतके मुरलेले आहे, ती बोलणारी माणसे आता जुलैच्या दुपारी खिडक्यांच्या फळ्या लावून घरात बसतात आणि पाहुण्यांना सकाळी आठच्या आत क्नोसोसला पोचा म्हणून विनवतात.

चौथी खेप जानेवारी २०२५ ची, तिच्याबद्दल थोडक्यात. दक्षिण किनाऱ्यावरची बहुतेक हॉटेले बंद, स्पिनालोंगा या छोट्या बेटाच्या नियमित बोटी बंद, एलाफोनिसीची बस बंद, पाच वाजल्यापासून अंधारून येते, आणि आठवड्यातले तीन दिवस पाऊस. पहिल्यांदाच जाणाऱ्याने जानेवारी निवडू नये. तरी त्या थंडीत मध्येच काही दिवस वारा पडतो आणि लख्ख ऊन पडते. त्यांना ‘अल्किओनिदेस’ म्हणतात, खंड्या पक्ष्याच्या जुन्या कथेवरून. अशा एका सकाळी हान्याच्या बागांत संत्र्यांनी लगडलेली झाडे आणि थेट त्यांच्या मागे बर्फाने झाकलेले डोंगर पाहिले. इराक्लिओच्या पुराणवस्तू संग्रहालयात फेस्तोसची तबकडी मी एकटीने पाहिली. १९०८ मध्ये सापडलेली, ताटलीएवढी मातीची चकती, दोन्ही बाजूंना गोगलगाईसारखी आत आत जाणारी चिन्हांची रांग, अजून कुणाला न वाचता आलेली. दहा मिनिटे मागून कुणी ‘सरका’ म्हणाले नाही. नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांना आणि अवशेषांना प्रवेश फुकट असतो, हेही नोंदवून ठेवण्यासारखे.

खर्चाबद्दल एक बारकावा. ग्रीक सरकार मुक्कामावर हवामान-संकटासाठीचे शुल्क घेते, ते हॉटेलात वेगळे भरावे लागते. २०२५ पासून तीन तारांकित हॉटेलात एका खोलीला एका रात्रीचे ५ युरो, पण नोव्हेंबर ते मार्च दीडच युरो. एप्रिलमध्ये गेल्याने हे शुल्क वाचत नाही. खोलीचे भाडे मात्र उन्हाळ्यापेक्षा बरेच कमी पडते, आमची तीच खोली ऑगस्टच्या निम्म्या भाड्यात मिळाली होती.

आणखी एक विचार माझ्या मनातून जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये क्रीटमध्ये पाऊस जवळजवळ शून्य, आणि माणसे सर्वांत जास्त. इराक्लिओला पाणी पुरवणाऱ्या अपोसेलेमिस धरणाची पातळी अलीकडे फार खाली गेली आहे. आपण केव्हा जातो यावर तिथल्या नळाला येणारे पाणीही थोडेफार अवलंबून आहे. पर्यटकाने हेही मोजावे असे मला वाटते.

म्हणून पुरवणीच्या संपादकांना विनंती, की पुढच्या अंकात ती चौकट दुरुस्त करून छापावी : चालणाऱ्यांसाठी आणि ज्येष्ठांसाठी एप्रिलअखेर ते मेचा मध्य, पोहणाऱ्यांसाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा आरंभ. वसंतात जाणाऱ्यांसाठी ईस्टरची तारीखही द्यावी, कारण ऑर्थोडॉक्स ईस्टर बहुतेक वर्षी पाश्चात्त्य ईस्टरनंतर येतो आणि लोक चुकीची तारीख धरून तिकिटे काढतात. २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे, २०२८ मध्ये १६ एप्रिलला. ईस्टरच्या रविवारी, २५ मार्चला आणि १ मे रोजी क्नोसोससकट सगळे अवशेष बंद असतात, हेही छापावे. ग्रीसला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तेव्हा २०२७ चा ईस्टर तिथे पाहायचा असेल त्यांनी कागदपत्रे २०२६ च्या ऑक्टोबरमध्येच तयार ठेवावीत. आमची तयार असतील. या वेळी यजमानांनी स्वतःहून विचारले आहे, आणि क्नोसोसला सकाळी आठ वाजता, दार उघडताच जायचे असे त्यांनी ठरवले आहे. ती सिंहासनाची खोली त्यांनी अजून पाहिलेली नाही.

आपली,
एक निवृत्त भूगोल-शिक्षिका